शिंगांतला फास

हादकोने आपल्या पाळीव पांढऱ्या रेनडियर नराच्या शिंगांत चामड्याचे फास ओवले, गाठी दातांनी आवळल्या आणि त्याला टुंड्रावर मोकळं सोडलं. माजावरचा रानटी रेनडियर परका नर दिसला की शिंगं भिडवतो आणि फासात अडकतो. मग भाला घेऊन धावायचं. हादकोच्या बापाने हेच केलं होतं.

या खेपेला मांसाची हाव नव्हती. एका रानटी नराने कळपातल्या अर्ध्या माद्या पळवल्या होत्या. उरलेल्याही गेल्या तर घसरगाड्या ओढायच्या कुणी? मुक्काम हलला नाही तर हिवाळ्याच्या तोंडावर घरदार इथेच उपाशी मरणार होतं.

"बाबा, पांढऱ्याला धड परत आणा म्हणजे झालं," गाडीआड दबा धरलेली लेक येदेने कुजबुजली.

"माझी काळजी नाही वाटतं?"

"तुम्हाला कोण खातंय? हाडंच तर उरलीत."

तेवढ्यात तो रानटी नर आला, जरासा लंगडत. पांढऱ्याने डोकं खाली घातलं. रानटी नराने मात्र शिंगं भिडवलीच नाहीत. फासाकडे पाहून तो बाजूला सरला आणि पांढऱ्याच्या कुशीत शिंगं घुसवली. पांढऱ्याची आतडी बर्फावर सांडली. तो उठू पाहत होता आणि आपल्याच आतड्यांवर पाय देत होता.

हादको ओरडत धावला. नर गर्रकन वळला, भाला काडीसारखा मोडला आणि एक शिंग हादकोच्या मांडीत आरपार गेलं. पडल्या पडल्या त्याला त्या जनावराचा कान दिसला. कानावर त्याच्याच घरची खूण कापलेली होती.

"बाबा, हा आपला आवका आहे," येदेनेचा आवाज फाटला.

तंबूत माणसाच्या हातून वाढलेलं पाडस म्हणजे आवका. त्याला घरच्यांनी मारायचं नसतं. येदेनेने याला माशाचं कालवण पाजून जगवलं होतं. पुढे फास बांधून हादकोने याच्याकडूनच शिकारी करवल्या. पाय अधू झाला तेव्हा सगळे म्हणाले, कापून खा. हादकोने सोडून दिला. दया दाखवायला गेला आणि धोंडा पायावर पाडून घेतला.

नर पुन्हा मागे सरला, डोकं खाली घातलं. हादकोने जीभ टाळ्याला लावून जुनी साद दिली, टक टक टक. तळव्यावर खिशातला सुका मासा ठेवला.

नर थबकला. मग लंगडत जवळ आला आणि रक्ताने माखलेलं तोंड त्याच्या हातात घातलं.

"बाबा, नको."

हादकोने दुसऱ्या हाताने कमरेचा सुरा त्याच्या मानेमागे खुपसला आणि मुठीपर्यंत दाबला. हादकोला रडू आवरेना. नर गुडघ्यांवर कोसळला, तरी जीभ तळवा चाटतच होती. मग ती थांबली.

येदेने आली. तिने बर्फात पडलेला मासा उचलला आणि आवक्याच्या तोंडात ठेवला. बापाची मांडी बांधायला ती त्यानंतर वळली.