लाल नाव

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कळंब रोडवरच्या वॉटर पार्कला लोक येत होते, पण हात राखून. तो हात मोकळा करणं हे फरहानाचं काम. फाटकाशी ती प्रत्येकाच्या मनगटाला आगाऊ पैसे भरलेला पट्टा बांधायची. आत वडापाव घ्या, लॉकर घ्या, पैसे पट्ट्यातून कटणार आणि कोण किती खातो ते तिच्या स्क्रीनवर दिसणार. ज्याचा खर्च थांबला तो निघायच्या बेतात, त्याचं नाव लाल. सवलत फक्त लाल नावाला. खुशीनं खर्च करणाऱ्याला छदामाची सूट नाही. आवळा देऊन कोहळा काढायचा, दुसरं काय! आणि पोरगी त्यात भारी तयार होती.

त्या दुपारी कौसल्याबाई नातीला ओढत फाटकाशी आल्या. नाव लाल. फरहानानं अर्ध्या किमतीच्या आइस्क्रीमचं कुपन थेट नातीच्या हातात दिलं. कुपन मोठ्यांना द्यायचंच नाही, हा तिचा स्वतःचा शोध. मॅनेजर प्रफुल्ल सरांनाही तिनंच तो शिकवला होता.

"आमाले घरी जाऊ दे ना वं, पोरी," म्हातारी म्हणाली. फरहाना हसली. नात केव्हाच मागं पळाली होती.

तेवढ्यात सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सोडून चालली ना तू?"

नागपूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, फी माफ होती, ईद झाली की जायचं होतं. घरी सांगायचा अजून धीर झाला नव्हता. अब्बांच्या गॅरेजात यंदा ट्रॅक्टर फिरकत नव्हते आणि चूल तिच्या पगारावर पेटत होती.

"तुमाले कोणं सांगतलं, सर?"

"तुह्या पट्ट्यानं." सरांनी स्क्रीन वळवली. स्टाफच्या पट्ट्यावर दहा महिने रोज चहा-समोसा, आणि सतरा मेपासून काहीच नाही. "लॉकरवरच्या मैत्रेयीनं बी नोकरी सोडायच्या आधी असंच कँटीन बंद केलतं."

"सर, रोजे चालू हायेत माये!"

सर ओशाळून हसले. "अरे हो की! म्हणजे जाऊन नाही राह्यली?"

फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण रोजा होता, खोटं कसं बोलणार? ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणंच तिला भोवलं.

सरांनी कागद पुढं सरकवला. दोन हजार पगारवाढ, दोन वर्षांचा करार, असल मार्कशीट ऑफिसात जमा. "आज संध्याकाळपर्यंतच हाय हे. सकाळीच तुह्या अब्बाले फोन केलता. लय खुश झाले ते."

कुपन कुणाच्या हातात ठेवायचं, ते सर बरोबर शिकले होते. आता नाही म्हणायचं ते सरांना नव्हे, अब्बांना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"सर, मले जाऊ द्या ना," ती म्हणाली. सर हसले. तिनं सही केली.

काउंटरवर आली तेव्हा कौसल्याबाई फाटकाशी उभ्या होत्या. दोनदा पैसे भरलेला पट्टा रिकामा झाला होता, नात खांद्यावर झोपली होती. म्हातारीनं भीतभीत हात पुढं केला.

"आता जाऊ का वं, पोरी?"

फरहानानं तो पट्टा कापला. तिला रडू आवरेना.

"जा आजी," ती म्हणाली, "मागं वळून पाहू नका."