फुगवलेल्या पिशव्या

अनुयाची गाडी आपल्या वड्यांच्या दुकानासमोर थांबलेली दिसताच आसावरीने तीन कागदी पिशव्यांत टिश्यू कोंबले, तोंडं स्टेपल केली आणि त्या काउंटरवर ओळीने मांडल्या. दुपारचे तीन वाजले तरी भवानी झाली नव्हती. पण मैत्रीण रीडिंगहून मुद्दाम लंडनला, हाउन्सलोला आलेली. तिला रिकामं दुकान दाखवायचं म्हणजे आपल्याच हाताने नाक कापून घ्यायचं.

"किती शांत आहे गं," अनुया म्हणाली.

"आत्ताच लंचची गर्दी ओसरली. ही पार्सलं तेवढी राहिलीत."

"आणि शेजारचं नूडल्सवालं? तिथेही कुणी दिसलं नाही."

ते हाँगकाँगच्या लाउकाकांचं. रोज दुपारी दोघं आपापल्या दाराशी स्टूल टाकून बसायची. धंदा नसला की आमच्या भाषेतही माश्याच मारतात, असं काका म्हणाले तेव्हा आसावरी पोट धरून हसली होती. मग त्यांनी आवाज उतरवून आणखी एक शब्द शिकवला होता, स्वतःच्या दुकानाबद्दलचा. बायकोला अजून सांगितलेलं नाही, म्हणाले होते.

"त्यांचं ना? तिउ यिम सोय," आसावरी ऐटीत म्हणाली. "त्यांच्याच भाषेत. सलाईनवर आहे दुकान. आज जातंय की उद्या."

अनुया हसली आणि तिची नजर दाराकडे गेली. दारात लाउकाका उभे होते, हातात आसावरीचा रोजचा चहा.

मराठी त्यांना कळत नव्हतं. पण तो शब्द त्यांचाच होता. आसावरीचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

काकांनी चहा ठेवला, पिशव्यांकडे पाहिलं. त्या कशाने फुगतात हे त्यांना ठाऊक होतं. टिश्यू संपले की तेच आणून द्यायचे.

"माझी ऑर्डर तयार आहे ना?" ते इंग्रजीत म्हणाले. "मघाशी येऊन गेलो. तुमच्याकडे फार गर्दी होती."

मधली पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी, जड असल्यासारखी उचलली आणि गेले.

"छान चाललंय हं तुझं," अनुया म्हणाली.

ती गेल्यावर आसावरी चार वडे तळून शेजारी गेली. काका पिशवीतले चुरगळलेले टिश्यू हाताने सरळ करून टेबलांवरच्या डब्यांत भरत होते. सॉरी म्हणायचं ठरवून ती आली होती.  पण तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"तिउ यिम सोय."

"शेवटचा स्वर वर न्यायचा," लाउकाका म्हणाले, रोजच्यासारखे.

तिने पुन्हा म्हटलं. काकांनी दुसरं स्टूल पुढे सरकवलं.