आजोबांची आवडती शिवी

आमच्या क्लॅरी आजोबांच्या मते ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट केम्बलात फॅसिस्ट फार माजलेत. क्रिकेटचा पंच फॅसिस्ट, त्यांच्या टकलावर चोच मारणारा मॅगपाय पक्षी फॅसिस्ट, आणि मी पंखा बंद केला की मीसुद्धा! गेल्या महिन्यात शेजारच्या असुंता आजींनी कुंपणावर आलेली आमच्या लिंबाची फांदी छाटली, तर आजोबांनी त्यांनाही तेच ऐकवलं.

तेव्हापासून आजींनी बोलणंच टाकलं. फेब्रुवारीत त्यांच्या अंगणात वर्षभराचा टोमॅटो सॉस होतो आणि टोमॅटो गाळायच्या यंत्राचा दांडा दरवर्षी आजोबाच फिरवतात. यंदा बोलावणं सगळ्यांना आलं, फक्त त्यांना नाही. सकाळपासून ते कुंपणापाशी घुटमळत होते. शेवटी मीच हात धरून त्यांना पलीकडे नेलं.

"काय गं असुंता, एवढ्याशा शब्दावरून राग?"

"एवढासा?" आजींनी सुरी खाली ठेवली. "इटलीत माझ्या बाबांना फॅसिस्टांनी भर चौकात धरून बाटलीभर एरंडेल पाजलं होतं, क्लॅरी. पुन्हा कधी ते त्या चौकातून गेले नाहीत."

आजोबांनी टोपी काढली. "मी आपला वैतागलो की म्हणतो गं. चुकलंच माझं."

"मग यापुढे वैतागलास की काय म्हणशील मला?"

आजोबांनी खरंच विचार केला. "खडूस म्हातारी."

"हे चालेल. ती मी आहेच," आजी म्हणाल्या आणि सरकून त्यांनी दांड्याजवळ जागा करून दिली.