सासूबाईंच्या नावाची डबी

मी थुंकीची डबी बोलतेय. नाक मुरडलंत? मुरडा, मला सवय आहे. मला हातात घेणारं माणूस आधी इकडेतिकडे बघतं आणि मग पिशवीच्या तळाशी मला लपवतं.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला. एकाच साच्यातून माझ्या बहिणी भराभर बाहेर पडत होत्या. खोक्यात बसून आम्ही गप्पा मारायचो. कुणाला मधाची डबी व्हायचं होतं, कुणाला मलमाची. थुंकीची व्हायचंय असं एकही म्हणाली नाही! पण दवाखान्यातल्या सिस्टरनी मला उचललं तेव्हा वाटलं, माझ्यामुळे माणसाच्या छातीतलं खरं काय ते कळणार. हेही काही थोडं नाही.

सिस्टर मला एका दोन खोल्यांच्या घरी घेऊन गेल्या. तिथल्या आजोबांना टीबी झाला होता. औषधं चालू होती आणि आता ते काठी न घेता दारापर्यंत येत होते.

"एकाला झाला की घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं," सिस्टर म्हणाल्या. "खोकला कुणाला आहे?"

सून कडेवरच्या लेकीचं नाक पुसत होती. ती हळूच म्हणाली, "आईंना आहे. बरेच दिवस झाले."

झालं! सासूबाई फणकारल्या. "लागलीस चहाड्या करायला! अहो सिस्टर, हा खोकला काय आजचा आहे? माझ्याबरोबर या घरात आला, माझ्याबरोबरच म्हातारा झाला."

आजोबा पलंगावरून हसले. "मी घोरतो, ही खोकते. शेजाऱ्यांना वाटतं घरात बँडपथक आहे."

सिस्टरही हसल्या, पण त्यांनी माझ्या अंगावर सासूबाईंचं नाव लिहिलंच. "सकाळी उठल्यावर चूळ भरा. मोकळ्या हवेत उभ्या राहा आणि छातीतून खोकून बेडका काढा. नुसती लाळ नको. आणि छोटीलाही दवाखान्यात आणा बरं का. घरात पेशंट आहे म्हटल्यावर लहान मूल दाखवायलाच हवं. आजार नसला तर होऊ नये म्हणून औषध देतात."

सून तर दुसऱ्याच दिवशी निघाली असती. छोटीचं अंग भरत नव्हतं. मागच्या वर्षीचं झबलं अजून सैल होत होतं, ते ती पुन्हापुन्हा ओढून बघायची. पण लाकडाच्या वखारीतून नवरा घरी आला आणि म्हणाला, "आधी आईचा रिपोर्ट येऊ दे. तिला काही नसलं तर छोटीला कुठून असणार? एवढ्याशा जिवाला कशाला टोचाटोची?"

"अहो, पण बाबांच्या कुशीत झोपायची ती."

"बाबा आता बरे आहेत ना? मग?"

त्या 'मग'पुढे तिने छोटीला न्यायचं रिपोर्ट येईपर्यंत लांबवलं.

मी फळीवर पिठाच्या डब्यामागे पडून राहिले. सून कामाला निघताना विचारायची, "आई, दिलंत का?" सासूबाई म्हणायच्या, "देते गं. काय घोड्यावर बसून आलीस का?" मग दिवसभर छोटी त्यांच्या मांडीवर. आजी तिला बडबडगीत म्हणून दाखवायची आणि मधेच खोकायची. खोकला आला की छोटी टाळ्या वाजवायची. तिला तो गाण्याचाच भाग वाटायचा.

शेवटी सुनेने हट्टच धरला. एका सकाळी सासूबाई मला घेऊन गच्चीवर गेल्या. तिथे त्यांचा मुलगा दात घासत होता.

"अरे, तूच दे यात," त्या म्हणाल्या.

"आई, नाव तुझं आहे."

"नावाचं काय घेऊन बसलास? मला काही निघालं ना, तर तुझी बायको पोरीला माझ्याजवळ फिरकू देणार नाही. मग मी दिवसभर भिंतीशी बोलू?"

त्यांचे डोळे भरले होते. आईला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. वखारीतल्या भुशाने त्याची छाती रोजच भरलेली. तो खोकला, मला भरलं, झाकण लावलं.

"तुझ्या बायकोला कळू देऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि पाठमोऱ्या होऊन स्वतः खोकत राहिल्या. तो खोकला माझ्यात पडायला हवा होता. मी काय करणार? डबीला उलटी करता येत नाही.

मला दवाखान्यात नेलं ते सुनेनेच. एका कडेवर छोटी, दुसऱ्या हातात मी. वाटेत ती पुटपुटत होती, "काही नसू दे. काही नसू दे." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई गं, मी तुझ्या सासूची नाही.

तपासणी झाली. मला खिडकीजवळच्या जंतुनाशकाच्या बादलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सून रिपोर्टला आली, ती घरी न सांगता छोटीलाही घेऊन. छोटीला दाखवायला ती डॉक्टरांच्या रांगेत उभी होती. पुढचा नंबर तिचाच. तेवढ्यात तपासणाऱ्या भाऊंनी खिडकीतून सांगितलं, "सासूबाईंचं काही नाही निघालं."

"नक्की ना?"

"या डबीत तरी नाही. खोकला राहिला तर पुन्हा आणा."

पण तिने पुढचं ऐकलंच नाही. तिच्या खांद्यांवरून जणू ओझं उतरलं. तिने नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "बघ, उगाच जीव टांगणीला लावलास. ये आता घरी. आई छोटीची वाट बघतेय."

ती हसली. मागच्या बाईला म्हणाली, "तुम्ही जा पुढे. आमच्याकडे काही नाही."

आता थोड्या वेळाने आम्हा डब्यांना जाळायला नेतील. त्याचं दुःख नाही. पण माणसांनो, ज्याचा खोकला त्याचीच डबी भरा हो. निघाला तर टीबीवर औषध आहे, आजोबा हिंडू लागलेच की! आजीला थोडे दिवस नात लांबून बघावी लागली असती, एवढंच. आणि रिपोर्ट कुणाचा काहीही येवो, घरातलं लेकरू दाखवून आणा.

ती बघा, फाटकापाशी पोचली. छोटी तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली आहे. अहो, कुणीतरी हाक मारा तिला!