जागा भरल्या आहेत

आमच्या डोगम गावच्या शाळेत शेवटी एकच मुलगी उरली होती, सहावीतली हारम. फेब्रुवारीत शेवटची इयत्ता संपवून तीही बाहेर पडणार होती. मार्चमध्ये पहिलीत एक तरी मूल आलं नाही तर शाळेला कुलूप, असं शिक्षण कार्यालयातल्या मेंगसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. शाळेतली एकुलती एक बाई मीच. राजधानी सोलमधली मंडळी हल्ली मुलांना खेड्यात शिकायला आणतात, म्हणून मी शाळेच्या संकेतस्थळावर प्रवेशअर्जाचं पान सुरू केलं. वर्गात घालायच्या पांढऱ्या चपलांचा लहानात लहान जोडही आणून दारातल्या खणात ठेवला.

कुणी आलं नाही. शाळा बंद झाली.

एप्रिलमध्ये मी उरलंसुरलं सामान घेऊन बाहेर पडले, तर फाटकाशी एक बाई मुलीचा हात धरून उभी.

"बाई, एखादी जागा रिकामी झाली का हो?"

"कसली जागा?"

"मी सोयुलची आई. डिसेंबरात अर्ज केला होता, तर जागा भरल्या म्हणून तुम्हीच कळवलंत. म्हटलं, समोर जाऊन हातापाया पडावं."

माझं डोकंच फिरलं. एका मुलीची शाळा, आणि जागा भरल्या? तिने फोन काढून दाखवला. शाळेच्या संकेतस्थळाचा पत्ता तिने इंग्रजी 'डी'ने लिहिला होता. आमच्या गावाच्या नावातलं पहिलं अक्षर ट आणि ड यांच्या मधलं. पूर्वी ते इंग्रजीत 'टी'ने लिहीत, मग सरकारने नियम बदलून 'डी' केलं. शाळेचा पत्ता मात्र 'टी'चाच राहिला. तो बदला म्हणून मी कार्यालयाच्या किती विनवण्या केल्या, पण बंद पडणाऱ्या शाळेवर खर्च कोण करतो? तरी पूर्वी निभत होतं. लोक चुकले की 'असा पत्ता नाही' असं कोरं पान यायचं, आणि ते वैतागून मला फोन करायचे. आता फोन अतिशहाणे झालेत. चूक दाखवत नाहीत, मनानेच अंदाज बांधतात. तिच्या फोनने तिला शहरातल्या डोगांग शाळेच्या प्रवेशाच्या पानावर नेऊन सोडलं, आणि त्या शाळेत तर पाय ठेवायला जागा नाही.

"वर नाव नाही वाचलंत?"

"आपोआप उघडलं, बाई. मला वाटलं, तेच असणार."

मी तिथूनच मेंगसाहेबांना फोन लावला.

"अहो बाई, यंत्राने बिचारीला मदतच केली ना," ते म्हणाले. "आता शाळा बंद केल्याचे कागद वर गेलेत. कशाला उकरून काढता?"

असल्या मदतीला आग लागो, असं म्हणून मी फोन बंद केला.

सोयुल फाटकाच्या गजांतून मैदानाकडे बघत होती. "आई, तू म्हणालीस शाळा भरलीय. मग मुलं कुठायत?"

तिची आई माझ्याकडे बघायला लागली. मी पिशवीतून त्या पांढऱ्या चपला काढून पोरीपुढे ठेवल्या. तिने तिथेच पायात घातल्या. बरोब्बर बसल्या.

"राहू देत तुलाच," मी म्हटलं. "जिथे जागा मिळेल तिथे घाल."