सलामाचं उत्तर

आत येणाऱ्यानं आधी सलाम करायचा असतो. अथमान दुपारी घरात शिरला आणि काही बोलेना, म्हणून मीच म्हटलं, "अस्सलाम अलैकुम." पोरानं ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली आणि सरळ परस गाठलं. आमच्या मोंबासाच्या जुन्या गल्लीत भांडलेले शेजारीसुद्धा सलाम परत करतात, आणि हा आईला उत्तर देत नाही? कालही असंच झालं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी कुणावर चटकन विश्वास ठेवणारी बाई नाही. अथमान नशेची सुई टोचून घ्यायला लागला, तेव्हापासून मी घरातले चमचेसुद्धा कुलपात ठेवते. किनाऱ्यावरच्या पोरांना रुकिया नावाची बाई नव्या सुया फुकट वाटते. एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून, म्हणे. तिची पाकिटं मी तिच्याच तोंडावर फेकली होती. "माझ्या पोराच्या मरणाचं सामान वाटतेस आणि वर उपकाराचा आव आणतेस?"

पुढे त्याला दवाखान्यात घेऊन गेली तीच. तिथे रोज एक घोट औषध मिळतं, त्यावर सुईची तलफ भागते. नर्ससमोर गिळायचं, पाणी प्यायचं आणि दोन शब्द बोलून दाखवायचे. कारण काही पोरं तो घोट गालात धरून बाहेर आणतात आणि विकतात. अथमान त्या औषधानं माणसात आला, हे मला कबूल आहे. रुकिया मात्र माझ्या डोळ्यांत खुपत राहिली. रमजानच्या आदल्या दिवशी ती काहीतरी सांगायला आली, तर मी दार लावून घेतलं.

मी खिडकीतून परसाकडे पाहिलं. अथमान पिंपाआड वाकला, एका बाटलीत थुंकला आणि बाटली नारळाच्या सोडणांखाली सरकवली.

विकतोय! तेही रमजानात! तो झोपल्यावर मी ती बाटली वाळूत रिकामी केली. जिवाला बरं वाटलं.

सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली. अथमान तोंड धुऊन चटईवर माझ्या शेजारी बसला. मी तळलेल्या कैमातींच्या गोड गोळ्यांकडे बघून हसला, एक खजूर खाल्ला आणि "आलोच" म्हणून परसात गेला. परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"आई, बाटली कुठाय?"

"ओतली वाळूत. कुणाला विकणार होतास? बोल ना, कुणाला?"

"विकणार?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, रोजा होता माझा. दुपारी गिळलं असतं तर मोडला असता. दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर गर्दी होती, नर्सनं बोलायला लावलं नाही. म्हणून तोंडात धरून आणलं, इफ्तारला प्यायला. तुझ्या सलामालासुद्धा त्यापायीच बोललो नाही. तूच म्हणालीस ना, या वर्षी तरी माझ्याबरोबर रोजा सोड?"

कैमाती ताटात गार होत गेल्या. औषधाविना अथमानला जांभयांवर जांभया येऊ लागल्या, नाक गळायला लागलं, अंगावर काटा उभा राहिला. रात्रीच्या, इशाच्या बांगेला तो उठला. "जरा जाऊन येतो," म्हणाला, माझी नजर चुकवत. कुठे, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मी बुरखा चढवला आणि रुकियाचं दार गाठलं.

"काय हो, आज काय फेकायला आलात?" ती दार अडवून उभी राहिली, नजर माझ्या हातांवर. संशय काय मलाच येतो असं थोडंच आहे?

मी सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "अहो अथमानची आई, तेच सांगायला आले होते ना मी! रोजा धरणाऱ्यांना रमजानभर मगरिबनंतर औषध देतात. आता खिडकी बंद झाली. उद्या संध्याकाळी मिळेल."

उद्या संध्याकाळी. आणि आजची रात्र?

"मला एक सुई दे," मी म्हटलं. "नाहीतर तो दुसऱ्याची उष्टी टोचून घेईल गं."

रुकियानं पाकीट माझ्या हातात दिलं आणि आपली पिशवी खांद्याला अडकवली. "मीही येते. कालचं औषध अजून अंगात आहे, त्यात ती नशेची पूड मिसळली की श्वास थांबू शकतो. त्यावरचा उतारा आहे माझ्याकडे. त्याला एकटं सोडायचं नाही."

पोरं सुई टोचायला जमतात त्या किनाऱ्याजवळच्या पडक्या गोदामाशी आम्ही थांबलो. आत काळोख होता, जळालेल्या काड्यांचा वास येत होता.

"अस्सलाम अलैकुम," मी हाक दिली.

उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, या वेळी रडत.

"वा अलैकुम सलाम, आई." अंधारातून त्याचा आवाज आला. "अजून नाही घेतली गं. सुई एकच आहे. माझी पाळी यायचीय."

मी मूठ उघडली आणि पाकीट आत पुढे केलं.