दुसरी सही

प्रत्येक पतंगाच्या चिठ्ठीवर दोन सह्यांची जागा होती आणि गेली तीन वर्षं त्या दोन्ही सह्या दोरीमास्तर एकटेच ठोकत होते. पहिली स्वतःची. दुसरी धाकट्या बहिणीची, अगदी तिच्यासारखी शेवटी शेपूट ओढून.

हे पतंग म्हणजे कागद-काड्यांचा खेळ नव्हे. पाण्यात फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पळणाऱ्या मंडळींचे ते फॉइल पतंग, खोलीएवढे, दुहेरी कापडाचे. तोंडातून वारा शिरला की उशीसारखे फुगायचे. त्यातही मास्तर ज्या कारखान्यात चाचणी करायचे तो स्वस्तातले बनवणारा. कापड हलकं, शिलाई घाईची, दोऱ्या ओल्या झाल्या की आखडायच्या. म्हणून मास्तर आधी सगळ्या दोऱ्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ताणायचे, गाठी सरकवून टोकं जुळवायचे आणि मग पतंग किनाऱ्यावर न्यायचे. शेवटची गाठ मात्र वाऱ्यात, हाताच्या अंदाजाने. स्वस्त कापडाचे दोन पतंग सख्ख्या भावंडांसारखे असतात, एका घरातले पण स्वभाव वेगळे. म्हणून नियम असा, की आधी एकाने उडवायचा, मग दुसऱ्याने, आणि दोघांचे हात एकच सांगतील तेव्हाच सह्या.

नियम भावाबहिणीनेच केला होता, मोडला भावाने. तीन वर्षांपूर्वी एक निळा पतंग उडवून ती म्हणाली, "दादा, हा तिरका जातोय." दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पतंग सरळ आहे, तुझा हात तिरका आहे," असं ते बोलून गेले. तिने हातातली दोऱ्यांची दांडी वाळूवर ठेवली, पायातली वाळू झटकली आणि गेली ती गेलीच. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात पडदे शिवते, एवढं मास्तरांना ऐकून माहीत होतं.

तेव्हापासून उडवताना पतंगाची मागची कड धरायलाही कोणी नव्हतं. मास्तर त्या कडेवर वाळूचा ढीग घालायचे, वीस पावलं मागे जाऊन दांडी धरायचे आणि वाळूलाच म्हणायचे, "सोड." सवय, दुसरं काय. दिवसभरात त्यांच्या तोंडून बाहेर पडणारा तेवढाच शब्द असायचा, असे कितीतरी दिवस गेले.

कारखान्याच्या नव्या मालकीणबाई किनाऱ्याकडे कधी फिरकल्या नव्हत्या. त्या सह्या बघायच्या नि चिठ्ठी फाइलला लावायच्या. पण या महिन्यात एकामागून एक सहा पतंग परत आले.

"सगळे डावीकडे ओढतात म्हणे," त्या म्हणाल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मास्तर म्हणाले आणि सहाही पतंग उडवून आले. एकूण एक सुतासारखा सरळ.

"सहाच्या सहा जणांना नाचता येत नाही, मास्तर?" बाईंनी चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. "तुमच्या बहिणीचीही सही आहे. उद्या त्यांना माझ्यासमोर उडवू दे. नाहीतर चाचणीचं काम मला दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

हे काम गेलं तर मास्तरांपाशी उरत काहीच नव्हतं. घरी भिंती होत्या, आणि त्यांना खिळेसुद्धा नव्हते.

संध्याकाळी त्यांनी तीनदा नंबर लावला आणि दोनदा वाजण्याआधीच बंद केला.

"मी बोलतोय."

"कळलं." पलीकडे शिलाईयंत्र थांबलं.

"उद्या किनाऱ्यावर येशील? एक पतंग धरून बघायचाय."

"वारा किती वाजता धरतो हल्ली?"

"नऊला."

"येते."

ती आली. केस बरेच पांढरे झाले होते. मालकीणबाई चपला हातात घेऊन उभ्या होत्या. मास्तरांनी पतंग उडवला, तो डोक्यावर सरळ उभा राहिला. मग त्यांनी दांडी बहिणीच्या हाती दिली. पतंग डावीकडे कलला. तिने सावरला, हात सैल सोडला, पुन्हा डावीकडे.

"ओढतोय," ती म्हणाली. "चांगलाच ओढतोय."

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, परत धर. नुसता धर." आणि ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तीन वर्षांत मास्तरांची पाठ कोणी पाहिली नव्हती.

"खांदा कधीपासून असा आहे?"

कुठला खांदा, असं मास्तर विचारणार होते. दुखणं त्यांना ठाऊक होतं, पण डावा हात खाली लोंबत होता, दोघांचं काम उजवा एकटाच ओढत होता, हे त्यांना आत्ता तिच्या आवाजावरून कळलं. पतंग त्यांच्या हातात उजवीकडे जायचा आणि ते डावी दोरी एक गाठ आखूड करायचे. प्रत्येक पतंग त्यांनी आपल्यासारखा वाकडा करून सोडला होता.

"निळ्या पतंगाच्या आधीपासून, हल्ली फारच वाढलंय," ते म्हणाले. "तुझा हात सरळ होता." मग मालकीणबाईंकडे वळून, खाली बघत, "दुसरी सही पण मीच करत होतो."

बाई म्हणाल्या, "चाळीस पतंग पाठवायचे पडलेत. ज्यांचा हात सरळ आहे त्यांचीच सही चालेल. तुम्ही भिंतीवर मापा. उडवायचे त्यांनी."

"दुकानाआधी दोन तास येईन," बहीण म्हणाली. तिने डावी गाठ सोडली, दोरी लांबवली, पतंग पुन्हा उडवला आणि तो सरळ राहिल्यावर चिठ्ठी घेतली. दुसऱ्या जागी शेपूट ओढून सही केली. पहिली जागा तशीच कोरी ठेवली. मास्तरांनी पेन मागितलं नाही.

मग ते वीस पावलं चालत गेले, पुढच्या पतंगाच्या कडेवरची वाळू हाताने बाजूला केली आणि ती कड स्वतः धरून उभे राहिले. डावा हात वर जाताना दुखला, तसं त्यांनी पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं. लपवायचं कोणापासून होतं आता?

तिकडून आवाज आला, "सोड, दादा."

इतकी वर्षं ते हा शब्द वाळूला सांगत आले होते. त्यामुळे तो आपल्याला सांगितलाय हे समजायला त्यांना थोडा वेळ लागला.